योग्य जागी योग्य माणूस

"पेपरवर उभा राहा. फरशी खराब होईल."

कामगारांचं खातं बघणारे पर्सोनेल साहेब मला म्हणाले. शिपायाने आधीच दारापाशी जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. मी गमबुटांसकट त्यावर उभा राहिलो. समोर खुर्च्यांवर नवे शिकाऊ साहेब बसले होते. कडक इस्त्रीचे शर्ट, मांडीवर वह्या. थेट कॉलेजातून आलेले. माझ्या अंगाला टाकीचा वास येत होता. पहिल्या रांगेतल्या एकाने नाकाला रुमाल लावला, मग साहेबांकडे बघून हळूच खाली घेतला. कारण साहेब त्यांना त्या वेळी कामगाराला मान कसा द्यावा हे शिकवत होते.

फळ्यावर मोठा त्रिकोण काढलेला होता. आडव्या रेघा मारून त्याचे थर पाडले होते. सगळ्यात खाली भूक. त्यावर सुरक्षितता. त्यावर आपली माणसं. मग मान. आणि टोकाला, माणसाच्या अंगात जे काही असेल ते फुलवणं. माणूस म्हणे खालून वर एकेक थर चढत जातो. खालचा भरल्याशिवाय वरचा त्याला दिसतच नाही.

"हा आमच्या टाकी-गँगचा माणूस," साहेब म्हणाले. "आत्ताच टाकीतून वर आलाय. हात पुढे कर रे."

मी हात पुढे केला. साहेबांनी टेबलावरच्या पुड्यातून गुळाचा खडा उचलला आणि वीतभर उंचीवरून माझ्या तळहातावर सोडला.

"खा."

मी खाल्ला. त्याचं कारण सांगतो. आमच्या कारखान्यात रीतच होती. टाकीतून माणूस वर आला की त्याला गूळ द्यायचा. आतल्या वाफेने घसा सोलवटून निघतो, आवाज फुटत नाही. गूळ चघळला की तोंडाला पाणी सुटतं, घसा ओला होतो आणि माणूस दोन शब्द बोलू शकतो. तसं मलाही जरा बरं वाटलं आणि ते तोंडावर दिसलं असणार.

"चेहरा बघा," साहेब म्हणाले. "बघितलात? समाधान. हा पहिला थर. इथला माणूस वर बघत नाही. गूळ, साबण, वेळेवर पगार, एवढं द्या. ह्याला मान द्यायला जाल तर हाच गोंधळून जाईल."

वह्यांत पेनं चालू लागली. माझ्या तोंडातला गूळ अजून विरघळायचा होता आणि ती पोरं माझं समाधान लिहून घेत होती.

त्यांतल्या एका चष्मेवाल्याने मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" त्या खोलीत मला 'तुम्ही' म्हणणारा तो एकटाच.

"ऑपरेटरची जागा," मी म्हणालो.

हसले. मोठ्याने नाही, पण हसले. साहेब हसले नाहीत. साहेबांचा तो स्वभाव नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलात. आपलं पहिलं तत्त्व काय? योग्य जागी योग्य माणूस. ह्याचे वाडवडील गावातली मेलेली ढोरं ओढायचे. घाण सोसायची ताकद ह्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली असते. मी हे वाईट अर्थाने म्हणत नाही. ती ताकद आहे, आणि ताकद वाया घालवायची नसते. तुम्ही-आम्ही त्या टाकीत टिकणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा आता. आणि तो पेपर उचलून घेऊन जा."

मी वाकलो आणि पेपर उचलला. दाराबाहेर आलो तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पाय मात्र रोजच्या सवयीने टाकीकडेच चालत होते.

ही ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. मोहोपाड्याच्या आसपास, पाताळगंगेच्या काठाने कारखाने उभे होते, त्यांतलाच आमचा एक. माझं गाव खालापूरपासून जवळ. आमची घरं गावाबाहेर, बौद्धवाडीत. मॅट्रिक झालो आणि रासायनिक कारखान्यात ऑपरेटर व्हायचं म्हणून आयटीआय केलं. पंखा लावलेली स्वच्छ खोली, भिंतीभर घड्याळासारखी मीटरं, हाताखाली व्हॉल्व्ह. मला तेवढंच हवं होतं. कारखान्यात घेताना साहेबांनी परीक्षा घेतली. लाकडी ठोकळे योग्य त्या भोकांत बसवायचे. चौकोनी चौकोनात, गोल गोलात. मी भराभर बसवले. साहेब म्हणाले, "शाब्बास." दुसऱ्या दिवशी मला टाकी-गँगमध्ये घातलं.

टाकी म्हणजे सांडपाण्याची, जमिनीत पुरलेली. कारखान्याची सगळी घाण तिच्यात उतरायची आणि तळाला काळा चिखल साचायचा. तो फावड्याने उपसून बादलीने वर द्यायचा. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर धरायला वर एक जण. आत उतरायच्या आधी पंखा लावून हवा मारायची. आमच्या गँगमध्ये सगळे आमचेच. शिवा माझ्या वाडीतला, बाकीचे आसपासच्या वाड्यांतले. मी साहेबांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "एका समाजाची माणसं एकत्र असली की त्यांच्यात आपुलकी असते. उत्पादन वाढतं. हे शास्त्र आहे." गावाने आम्हाला वेशीबाहेर एकत्र ठेवलं, तेव्हा हे शास्त्र गावाला कोणी शिकवलं होतं, एवढंच मला कळत नव्हतं.

साहेब परदेशात काहीतरी शिकून आले होते. आल्यावर त्यांनी दारावरची पाटी बदलली. पर्सोनेल गेलं, ह्यूमन रिसोर्स आलं. आमच्यासमोर त्याचं मराठी करून सांगितलं. "मानवी साधनसंपत्ती. जसा कोळसा, जसं पाणी, तसा माणूस. तुम्ही आमची संपत्ती आहात." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. कोळशाला कधी कोणी विचारतं का, तुला कुठल्या भट्टीत जायचंय?

मग कामगार-व्यवस्थापन समिती निघाली. कामगाराने कारभारात भाग घ्यायचा. टाकी-गँगमधून मला घेतलं. पहिल्या बैठकीत कँटीनच्या पडद्यांचा रंग ठरला. दुसऱ्या बैठकीत साहेबांनी नवं तत्त्व मांडलं. एकच काम करून माणूस कंटाळतो, म्हणून कामं फिरती ठेवावीत. मी लगेच म्हणालो, मग टाकी पण फिरती ठेवा. पाळीपाळीने सगळ्यांनी उतरावं, आणि आम्ही पाळीने वर कामाला यावं.

लगेच आमच्या पाळीवर देखरेख करणारे चार्जमन दत्तूभाऊ बोलले. दत्तूभाऊ पलीकडच्या गावचे भातवाले शेतकरी. बोलायला गोड. माझ्या बापाला नावाने ओळखणारे.

"आमी नाय उतरनार त्यात. आमच्या घरात देव हायत. उद्या घरात पाय कसा ठेवायचा रं आमी?"

"आमच्या घरात माणसं आहेत, दत्तूभाऊ," मी म्हणालो.

"तुमचं येगलं हाय. तुमाला सवय हाय."

साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. कामगारांच्या भावनांचा आदर करणं हे चांगल्या व्यवस्थापनाचं लक्षण आहे, असं ते म्हणाले. कामं फिरती झाली. फिटर पॅकिंगला गेला, पॅकिंगवाला स्टोअरला गेला. टाकी तेवढी फिरली नाही. त्या बैठकीनंतर कँटीनमध्ये दत्तूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राग धरू नको रं." गोड बोलून गळा कापायचा आणि वर राग धरू नको म्हणायचं.

गुळाच्या त्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो. बाप ओट्यावर बसला होता. जेवायला बसायच्या आधी मी सगळं सांगितलं. त्रिकोण, गूळ, ढोरं, पेपर. सांगताना वाटलं, बाप शिव्या देईल, मला धीर देईल. बाप माझ्या कमरेकडे बघत बसला.

माझ्या बापाने धर्मांतराच्या वर्षी ढोर ओढायचं सोडलं होतं. पाटलाचा बैल मेला, बोलावणं आलं, बाप गेला नाही. बैल दारात सडला. गावाने आमचं दळण बंद केलं, कामाला बोलावणं बंद केलं, वाटेत गाठून बापाला मारलं. त्या पावसाळ्यात आई रानातली कुरडूची भाजी शिजवायची. कधी मीठ असायचं, कधी नसायचं. मी लहान होतो. मला मार आठवत नाही, बिनमिठाची भाजी आठवते.

"आरं," बाप म्हणाला, "मी दोर टाकला तवा मला वाटलं, सपलं. माझ्या पोरापर्यंत नाय जानार. आन तू तोच दोर कंबरेला बांधून उतरतोस. पगार घेऊन उतरतोस, येवढाच काय तो फरक."

"पोट आहे, आबा."

"मला पोट नवतं?"

एवढंच बोलला आणि आत गेला. बापाचा मला राग आला. दिवसभर साहेबांसमोर न आलेला राग बापावर आला. रात्र तशीच गेली. सकाळी उठलो तेव्हा राग जिथे जायला हवा होता तिथे गेला होता.

पुढच्या सफाईच्या दिवशी मी पट्टा बांधला नाही. दत्तूभाऊंना म्हणालो, "मी उतरणार नाही. मला आयटीआयचं काम द्या, नाही तर काही देऊ नका." दत्तूभाऊ साहेबांकडे धावले. साहेबांनी मला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. ते कधी ओरडायचे नाहीत, म्हणून बाहेर सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे.

"तुला वर यायचंय ना?" ते म्हणाले. "मी तुला गँगचा मुकादम करतो. पिवळं हेल्मेट. तू उतरायचं नाही, तुझ्या माणसांना उतरवायचं. तुझ्या माणसांना तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

"शिवाला मी उतरवू?"

"कोणीतरी उतरवणारच."

"मला नको."

साहेबांनी मान हलवली. जणू मीच माझं नुकसान करून घेत होतो आणि त्यांना ते बघवत नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुझ्यावाचून अडेल असं समजू नकोस."

अडलं नाहीच. त्या आठवड्यात कंपनीच्या ठेकेदाराने माझ्या जागी डोंगराकडच्या कातकरवाडीतून एक माणूस आणला. लहू नाव. काटकुळा, उघडा, कमरेला फडकं. मला साहेबांनी तोवर झाडलोटीला लावलं होतं, त्यामुळे टाकीपाशी काय चाललंय ते मला दिसत होतं. झाकण उघडलं होतं. पंखा लावला नव्हता, कारण पंखा त्या दिवशी दुसरीकडे होता. पट्टा दिला नव्हता, कारण पट्टे कंपनीच्या माणसांपुरते होते. लहू काठाला बसून पाय आत सोडत होता.

मी झाडू टाकून धावलो. "नको उतरू. आत हवा खराब आहे."

लहूने मान वर केली. "तुमाला म्हयन्याला पगार हाय, दादा. माला आजची रोजी हाय. सरा बाजूला."

मी त्याला काखेत धरून बाजूला ओढलं, झाकण लोटलं आणि त्यावर बसलो.

आधी दत्तूभाऊ आले. मग वॉचमन. मग माझी गँग आली. मला वाटलं, हे माझ्या बाजूने उभे राहतील. शिवा म्हणाला, "ऊठ रं. तुझ्यापायी आमच्या पोटावर पाय येईल." ज्याला मी उतरवणार नाही म्हणालो होतो, तो शिवा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने मान खाली घातली.

मग साहेब आले. एकटे नाही. मागून शिकाऊ साहेबांची रांग. मला दाखवून ते त्यांच्याशी बोलायला लागले.

"बघा. पुस्तकात वाचलंत ना, बदलाला विरोध? हा त्याचा नमुना. कारण काय? असुरक्षिततेची भावना. त्याची जागा दुसऱ्याला मिळतेय, ते त्याला सहन होत नाही."

"साहेब, पट्टा द्या त्याला," मी म्हणालो. "पंखा आणा. मग मी उठतो."

साहेबांनी माझं बोलणं ऐकल्याचं दाखवलंच नाही. ते शिकाऊ साहेबांना सांगत होते, अशा वेळी वाद घालायचा नाही, माणसाला परिस्थितीपासून दूर करायचं. वॉचमननी मला दोन्ही काखांना धरून उचललं. चष्मेवाला शिकाऊ साहेब माझ्याकडे बघत होता. त्याच्या वहीचं पान कोरं होतं, पण तो रांगेतून हलला नाही. मला गेटकडे फरफटत नेलं. मागे झाकण सरकल्याचा आवाज ऐकू आला. मग लहूचा खोकला. मग दत्तूभाऊंची हाक, "लहू! आरं लहू!" आणि मग कोणाचाच आवाज नाही.

आकडा टाकून त्याला वर काढला. टेंपोत घातला. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

दुसऱ्या दिवशी लहूची बायको गेटवर येऊन बसली. पदराखाली तान्हं पोर. वॉचमन तिला म्हणाला, "असा कोनी मानूस आमच्याकडं नव्हताच. जा." ठेकेदार गायब झाला होता. कंपनीच्या हजेरीत लहूचं नाव कधी लागलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाजारात बोलणं पसरलं की एक कातकरी नदीवर मासे धरायला आला होता, दारू प्यायलेला होता, तोल जाऊन कंपनीच्या नाल्यात पडला. मोहोपाड्याच्या टपरीवर ते मी माझ्या कानांनी ऐकलं. सांगणारा माणूस लहूला टेंपोत चढवायला हात लावणाऱ्यांतलाच होता.

मग साहेबांनी मला घरून बोलावून आणलं. ह्या वेळी पेपर पसरलेला नव्हता. समोर खुर्ची होती. चहा आला, कपबशीतून. साहेबांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"उद्या सरकारी इन्स्पेक्टर येतील," ते म्हणाले. "झाकणावर का बसला होतास, ते तुला विचारतील. तू सांगायचंस, पगारवाढीसाठी. बस. खाली कोणी उतरलं का, तू बघितलं नाहीस. खरं म्हणजे तू तेव्हा गेटकडे होतास. खोटं बोलायचीही गरज नाही."

मी कपाला हात लावला नाही.

"ऑपरेटरची जागा मोकळी होतेय. कॉलनीत खोली पण मिळेल. मी तुझ्या बाबतीत चुकलो. तुझ्यात ती पात्रता आहे. आता दिसतेय मला."

खरं सांगतो, ती जागा मला हवी होती. त्या क्षणीही हवी होती. बापाला त्या स्वच्छ खोलीच्या दारात उभं करून दाखवायचं होतं. माझ्यातली पात्रता ह्या माणसाला परीक्षेत दिसली नाही, आयटीआयच्या सर्टिफिकेटात दिसली नाही. एका माणसाच्या मढ्यावर उभं राहून मात्र त्याला ती लख्ख दिसली. चहा तसाच ठेवून उठलो.

इन्स्पेक्टर आले. साहेब, दत्तूभाऊ, माझी गँग, सगळे भिंतीला लागून उभे. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

"लहू कातकरी टाकीत उतरत होता. मी त्याला काठावरून ओढला. मला फरफटत नेलं आणि माझ्यामागे त्याला उतरवला. पट्टा नव्हता. पंखा नव्हता. उतरवायला सांगणारे साहेब हे. दोर आणायला कोणी नव्हतं, आणि बघायला सगळे होते."

बोट दाखवून सांगितलं. साहेबांचा चेहरा हलला नाही. बाकी कोणी खरं बोललं नाही. शिवाने सांगितलं, त्याने काही बघितलं नाही. दत्तूभाऊंनी सांगितलं, लहू नावाचा माणूस त्यांना ठाऊकच नाही.

मला कामावरून काढलं. कारण दिलं गैरवर्तनाचं. कंपनीचं काही झालं नाही. साहेब पुढे मुंबईच्या मोठ्या ऑफिसात गेले, आणि तिथे ते माणसं कशी सांभाळावीत ह्यावर भाषणं देतात, असं ऐकतो. लहूच्या बायकोला दमडी मिळाली नाही. ती पोराला घेऊन वीटभट्टीवर गेली, पुढे कुठे गेली ते मला सापडलं नाही. मी कर्जतच्या एका दुकानात पंप दुरुस्त करत आयुष्य काढलं. ऑपरेटर मी कधीच झालो नाही. लोक म्हणतात, तू गप्प बसला असतास तर लहू काही परत आला नसता. बरोबर आहे. तो बोलल्यानेही आला नाही.

तरी मी बोलणार. एसटीत बोलतो, दुकानात बोलतो, सभेत माईक मिळाला तर सभेत बोलतो. लहू होता. कंपनीच्या टाकीत, कंपनीच्या कामाला, कंपनीच्या साहेबांनी त्याला उतरवला. माझं तोंड बंद करायला कोणी जागा देऊ करो, पैसा देऊ करो, लाथ देऊ करो. मी जिवंत असेपर्यंत, तो नव्हता असं कोणालाही म्हणू देणार नाही.